बाजेखालचं जाळं

ओलं जाळं घरात आणायचं नाही, हे लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात सासूनं मला बजावलं. चूल कशी सारवायची, पाणी कुठून भरायचं, हे सगळं नंतर. आमच्या ढिवरांच्या वस्तीत प्रत्येक घरासमोर दोन बांबू रोवलेले असत आणि पाण्यातून निघालेलं जाळं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्यावर वाळायचं. घरात ठेवलं तर सूत कुजतं, हे सांगायचं कारण. पण त्यामुळे कोण कधी पाण्यात उतरलं हेही न विचारता कळायचं. वस्तीत ओलं जाळं लपवायला जागाच नव्हती, एक सोडून. ती जागा मला माझ्या पहिल्या बाळंतपणात सापडली, कारण मी तिच्यावरच झोपले होते.

आमचा तलाव शहराच्या कडेला होता. आज प्रताप नगरात घराला घर लागलेलं आहे, तिकडे तेव्हा ज्वारी उभी असायची आणि संध्याकाळनंतर कोल्हे ओरडायचे. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं म्हणतात. असेल. राजधानीचे दिवे आमच्या तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, लांब कुठेतरी दिसायचे, एवढाच आमचा तिच्याशी संबंध. मी टोपलं घेऊन धंतोलीपर्यंत पायी जायची. तिथल्या बंगाली बाया माशाचा कल्ला उचलून बघत, डोळा बघत, मग माझ्याकडे बघत, जणू मीही शिळी निघायची. मी म्हणायची, घ्यायचा तर घ्या, नाहीतर हात धुऊन टाका. त्या घ्यायच्या. माझं तोंड तेव्हापासून असंच आहे.

मालगुजार होता तोवर तलाव त्याचा. त्याला त्याचा वाटा द्यायचा आणि आपण मासे मारायचे, असं पिढ्यान् पिढ्या चाललेलं. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला आणि सरकारनं लिलाव केला. एका ठेकेदारानं तो घेतला. त्याची माणसं बारीक डोळ्यांची जाळी घेऊन आली आणि भर पावसाळ्यात, मासा अंड्यावर असताना, या काठापासून त्या काठापर्यंत ओढत राहिली. बोटाएवढी पिल्लं पाळीवर सुकून पडायची, कावळेसुद्धा खाऊन कंटाळले. त्याच्या ठेक्यानंतर आमच्या माणसांनी जाळं टाकलं तेव्हा वर काय आलं, तर शेवाळ आणि फुटके शिंपले. माझे सासरे त्या दिवशी जेवले नाहीत, असं सासू सांगायची.

मग आम्हा ढिवरांची सोसायटी झाली. तलाव पुन्हा आपल्याकडे घ्यायचा म्हणून सासऱ्यांनी घरोघर जाऊन माणसं जोडली, कचेरीत खेटे घातले, साहेबांच्या दारात उन्हात बसून राहिले. तलाव मिळाला. आणि मिळाल्याबरोबर त्यांनी वस्तीकडून शपथ घेतली. मृग लागला की पोळ्यापर्यंत कोणी जाळं पाण्यात घालायचं नाही. तेवढे महिने फुटाणे-मुरमुऱ्यांची भट्टी लावा, निंदणाला जा, शिंगाड्याच्या वेली लावा, पण तलावातल्या माशाला हात लावू नका. जो मोडेल त्याचं जाळं पाळीवरच्या कडुनिंबाला टांगायचं, पोळा होईपर्यंत. आणि पोळ्यानंतर सगळी वस्ती मिळून मोठं जाळं ओढते त्या दिवशी त्यानं त्या जाळ्याला शिवायचं नाही, पाळीवर बसून बघायचं. ऐकायला एवढंसं वाटतं. पण ढिवराला सगळ्यांसमोर कोरडं बसवणं म्हणजे काय, ते ढिवरालाच विचारा.

त्या बैठकीत बाया नव्हत्या. बाया घरात होत्या आणि कान बाहेर होते. सुनांचा तर प्रश्नच नव्हता. आमच्यात सून सासऱ्याशी बोलत नसे, डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, तो अंगणात असला तर मागच्या दारानं जाई. घरात लहान मूल असलं तर थोडी सोय व्हायची. मुलाला सांगायचं, आणि सासऱ्यानं ऐकायचं. आमच्या घरात मूल नव्हतं, म्हणून दोन वर्षं मी त्या माणसाशी अवाक्षर बोलले नव्हते.

शपथ नुसती तोंडी ठेवतील तर ते सासरे कसले. जिथून ओढ्याचं पाणी तलावात येतं तिथल्या उथळ भागात मरळ पिल्लं घालते. तिथं त्यांनी स्वतः बाभळीच्या फांद्या तोडून आणून, दगड बांधून बुडवल्या. पाण्याखाली काट्यांचं रानच झालं. चोरून जाळं फेकलं की ते फाटलंच पाहिजे, आणि फाटलेलं जाळं वस्तीत लपत नाही, असा त्यांचा हिशेब.

पहिलं फाटलं ते आमच्या समोरच्या घरचं. आषाढ लागला होता. समोरचा माणूस सासऱ्यांना मामा म्हणायचा, नातं काही नव्हतं. त्याची बायको माझी मैत्रीण. कोष्ट्यांच्या घरून उरलेलं सूत आणून आम्ही दोघी एकाच ओट्यावर जाळी विणायचो, शिवायचो आणि अख्ख्या वस्तीची निंदा करायचो. त्याचं जाळं बांबूवर फाटलेलं दिसलं आणि त्याच दुपारी पाळीवर सगळे जमले. मी कुंपणाआडून ऐकत होते.

तो म्हणाला, "मामा, माहं ऐकून तर घ्या. घरी माय..."

"कारण नको सांगू गा," सासरे म्हणाले. "कारण सगळ्यांजवळ असते. कारणं ऐकत बसलो तर तलाव राहत नाही."

जाळं कडुनिंबाला टांगलं गेलं. त्या दिवसापासून माझी मैत्रीण विहिरीवर मला बघून घागर दुसऱ्या बाजूला वळवायला लागली. पुढे थोड्याच दिवसांत त्याची म्हातारी आई गेली. बरेच दिवस अंथरुणावर होती, सगळ्यांना माहीत होतं. सासऱ्यांनी खांदा दिला. दोघं मात्र एकमेकांशी बोलले नाहीत.

श्रावणात मला मुलगी झाली. नवरा गिरणीत बदली कामगार होता, बाळंतपणात नवऱ्याचा जेवढा उपयोग असतो तेवढाच त्याचा झाला. मूल चांगलं होतं, पण मला दूधच येईना. सासूनं मेथ्या दिल्या, अळीव दिले, खोबरं दिलं. शेळीच्या दुधात कापसाची वात भिजवून पोरीच्या तोंडात धरली, तर ती बाहेर टाकायची. रडून रडून तिचा आवाज बसला. कुडाच्या भिंतीपलीकडे सासरे बसलेले असत. त्यांचा खोकला मला ऐकू यायचा, म्हणजे पोरीचं रडणं त्यांना ऐकू जात असणारच. मी देवाला, नवऱ्याला, स्वतःच्या अंगाला, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या होत्या. फार भ्यायले होते मी.

एका सकाळी सासूनं रस्सा आणला. पांढराशुभ्र मासा, वर मिऱ्याचा वास. बाळंतिणीला मरळीच्या रश्शासारखं दुसरं काही नाही, हे आमच्यात सांगावं लागत नाही.

"कुठली वं आत्याबाई?"

"कन्हान नदीतली होय. माह्या भावानं धाडली." आणि ती शेगडीतले निखारे सारखे करत बसली, वर बघितलंच नाही.

मी वाटी चाटूनपुसून संपवली. संध्याकाळी पुन्हा प्याले. दुसऱ्या दिवशी पोर माझ्या छातीला लागली ती सुटेना. डॉक्टरांना काय म्हणायचं ते म्हणोत, माझ्या अंगात दूध त्या रश्शानं आलं.

पोर शांत झाली, घरात झोप आली आणि तेव्हा मला वास यायला लागला. आधी वाटलं आपलाच असेल, बाळंतिणीच्या खोलीत काय सुगंध असतो थोडाच. पण तो ओव्याच्या धुरीचा नव्हता, तेलाचा नव्हता. चिखल आणि कुजकं सूत. मी वाकून बाजेखाली हात घातला. शेगडीच्या मागे भिंतीला लागून एक गोणपाट होतं, आणि गोणपाटात ओलं जाळं.

फेकायचं जाळं होतं, आमचंच, आणि आमच्या घरात ते फेकणारे एकटे सासरे. त्याच्या कडेला बांधलेल्या मातीच्या गोट्या सासू स्वतः वळून भाजायची, प्रत्येकीवर तिच्या अंगठ्याचा ठसा. मध्ये हातभर फाटलेलं आणि फाटक्या सुतात बाभळीचा काटा अडकून राहिलेला. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष पाऊल टाकत नाही, शेजारीण आली तरी उंबऱ्याबाहेर थांबते. म्हणजे वस्तीत जाळं लपवायची ही एकच जागा होती, आणि ती सासूला सुचली होती.

मी जाळं मांडीवर घेऊन बसले. पावसाळ्यात मरळ कशी सापडते, हे मला आईच्या घरापासून माहीत होतं. पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका तरंगत असतो आणि खाली मरळ राखण करत असते. पिल्लं सोडून ती पळत नाही. एरवी हाताला न लागणारा मासा तेवढ्या दिवसांत कोणीही उचलावा. ती गेली की पुंजका दिवसभरात दुसऱ्या माशांच्या पोटात. याच एका कारणासाठी सासऱ्यांनी काटे टाकले होते. आणि त्यांनीच पिल्लांवरची मरळ उचलून माझ्या पिल्लाला दूध दिलं होतं. मला राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकाच वेळी, आणि पोर तेवढ्यात भुकेली उठली.

सासू आत आली. माझ्या मांडीवर एकीकडे पोर, एकीकडे जाळं.

"हे काय आहे आत्याबाई?"

"हळू बोल वं."

"कन्हानच्या मरळीले आपल्या तलावाचा काटा कसा काय लागला?"

ती खाली बसली. "पोर मरून राहिली होती तुझी. तिचं रडणं तुह्या सासऱ्याइले ऐकवलं नाही. पहाटे गेले अन् आले. पाणी वाढलं होतं, काट्याचा अंदाज चुकला. आता झालं ते झालं. सूत आहे घरात. शिवून टाक, कोणाले मालूम नाही पडत."

"अन् समोरच्याचं जाळं झाडाले टांगून आहे, त्याचं?"

तिनं शेगडीत ओवा टाकला. म्हातारी वाईट नव्हती. नातीसाठी तिनं काहीही लपवलं असतं, आणि त्याबद्दल माझ्या मनात आजही तिच्याविषयी प्रेमच आहे.

राग आला की मी गप्प बसते, आणि गप्प बसले की काहीतरी करते. हे जाळं मी शिवलं असतं तर कोणाला कळलं नसतं, हे खोटं होतं. शिवण प्रत्येकीची वेगळी असते. माझ्या मैत्रिणीनं ती वाऱ्यावर हलताना बांधावरून ओळखली असती. मग समोरचा पाण्यात उतरला असता, त्याच्या मागून आणखी चार, आणि त्यांना अडवायला कोणाकडे तोंड होतं? ठेकेदाराचा माणूस आठवड्यातून एकदा सायकल घेऊन पाळीवर येऊन उभा राहायचा. आम्ही केव्हा फुटतो एवढंच त्याला बघायचं होतं. ज्या पाण्यानं माझी पोर जगवली ते पाणी मी माझ्या सुईदोऱ्यानं त्याच्या हातात देणार नव्हते.

बारसं झालं की बाळंतीण पाणी पुजायला जाते. इतर लोक विहीर पुजतात, आम्ही तलाव पुजतो. वस्तीतल्या सगळ्या बाया सोबत असतात, समोरची माझी मैत्रीणसुद्धा आली. कितीही भांडण असो, पाणी पुजायला न येणं आमच्यात बसत नाही. सासूच्या कुशीत पोर. माझ्या डोक्यावर टोपलं, त्यात हळद-कुंकू, घुगऱ्या, आणि घुगऱ्यांच्या फडक्याखाली जाळं. मातीच्या गोट्यांचं वजन मला त्या वेळी झेपत नव्हतं. पण मी टोपलं कोणाला धरू दिलं नाही.

पाण्याला हळद-कुंकू वाहिलं, घुगऱ्या सोडल्या. मग मी उठून कडुनिंबाकडे गेले आणि जाळं समोरच्याच्या जाळ्याशेजारी टांगलं. फाटका भाग बाहेरच्या बाजूनं. गोट्यांवरचे अंगठे सगळ्यांना ओळखीचे होते.  सासूनं पोरीला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

माणसं यायला वेळ लागला नाही. सासरे आले, झाडाखाली थांबले, जाळ्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता सासूला म्हणाले, "विचार तिले, काहून केलं हे."

सासू पोरीलाच थोपटत राहिली. मी तिच्याजवळून पोरीला घेतलं. पदर खाली ओढला आणि पोरीशी बोलले, पण पाळीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं बोलले.

"सांग वं माय तुह्या आज्याले. तुह्यासाठी त्याइनं जाळं फाडलं, हे तुही माय मरेपर्यंत विसरत नाही. पण हे जाळं मी गुपचूप शिवलं असतं ना, तर उद्या ह्या झाडाले कोणाचंच जाळं टांगता आलं नसतं. अन् तू मोठी झाली असती तर टोपल्यात शेवाळ घेऊन धंतोलीले गेली असती."

 सासऱ्यांनी हात वर केला, मला वाटलं जाळं काढतात. त्यांनी फाटक्या सुतातला काटा तेवढा उपसला आणि तळहातावर घेऊन बघितला.

"मीच टाकला होता," ते म्हणाले. "पोळ्यापर्यंत राहीन हे इथंच. अन् मी पाळीवर बसीन."

मागून कोणीतरी म्हणालं, "भाऊ, बाळंतिणीसाठी होतं. जाऊ द्या ना."

"कारण नको सांगू गा," सासरे म्हणाले.

आणि ते घरी निघून गेले. त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्या हातचं जेवत होते, पण ताटावरून नजर उचलत नव्हते. मी चूक केली असं मला एकदाही वाटलं नाही. वाईट मात्र फार वाटायचं.

पोळा झाला, दुसऱ्या दिवशी शहरातून मारबतीची मिरवणूक निघाली आणि त्याच्या पुढच्या दिवशी तलाव उघडला. मोठं जाळं दोन्ही काठांनी ओढत आणलं, पाणी उकळी फुटल्यासारखं हलायला लागलं. आम्ही बाया काठावर बसून मासे निवडत होतो, लहान दिसला की परत पाण्यात. ठेकेदाराचा माणूस सायकल धरून उभा होता. सोसायटीचा म्होरक्या जाळ्याला हात न लावता पाळीवर बसलेला त्यानं बघितला, शेजारी दुसरा बसलेला बघितला, आणि सायकलवर टांग टाकून गेला. त्यानंतर तो पुन्हा आमच्या पाळीवर उभा राहिलेला मला आठवत नाही.

सासरे आणि समोरचा माझ्या अगदी पाठीमागे बसले होते.  मग सासरे म्हणाले, "काहून टाकलं होतं गा तू जाळं?"

"आता काय त्याचं, मामा."

"सांग."

"मायले मरळीचा रस्सा पायजे होता. दुसरं काही मागत नव्हती ती."

माझ्या शेजारी माझी मैत्रीण मासे निवडत होती. तिचे हात थांबले, माझेही थांबले. मागून सासऱ्यांचा आवाज आला नाही. जाळं पूर्ण बाहेर येईपर्यंत आला नाही. नंतर बघितलं तर त्यांनी डोक्याचा पटका काढून गुडघ्यावर ठेवला होता आणि समोरच्याचा हात आपल्या हातात घेतला होता.

मैत्रिणीनं माझ्या टोपल्यात एक चांगली मरळ टाकली. मी तिच्या टोपल्यात दोन टाकल्या. आमचं भांडण एवढ्यावर मिटलं, फार बोलावं लागलं नाही.

संध्याकाळी सासरे उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले. मी पदर सावरून आत सरकले. पोर दारात गोधडीवर पडली होती. ते तिच्याजवळ उकिडवे बसले, आणि तिच्या जन्मापासून पहिल्यांदा तिच्याशी काहीतरी बोलले.

"सांग तुह्या मायले. पुढच्या मृगाच्या आधी बैठक आहे. बिमार माणसासाठी, बाळंतिणीसाठी गळ चालन, असं माह्या मनात आहे. सगळ्यांले सांगून, उजेडात, अन् पिल्लांवरची मरळ सोडून. जाळं नाही म्हणजे नाही." ते थांबले. पोरीनं त्यांचं बोट धरलं होतं, ते त्यांनी सोडवलं नाही. "पण मी मांडलं तर लोक म्हणतीन, बुढा आपल्या सोयीचं बोलून राहिला. हे दुसऱ्या कोणी मांडलं पायजे. विचार तिले, येते का."

बैठकीत आजवर सून गेली नव्हती. मी आतूनच म्हणाले, "सांग आज्याले, येतो म्हणून."

आणि मृगाच्या आधी, पाळीवर सगळे जमले त्या दिवशी, मी गेले. पोरीला सासूजवळ घरी ठेवून गेले; या वेळी तिच्या आडून बोलायचं नव्हतं.